'बरं केलं बापाने' म्हणताय, पण त्यानेच केलं हे ठरलं कधी?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो. अमेरिकेत एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने एका माणसाची दोन पोरं चिरडली, त्या बापाने घरी जाऊन पिस्तूल आणलं आणि त्याला तिथल्या तिथे संपवला, कोर्टाने बापाला माफ केलं. खाली हात जोडलेले, सॅल्यूट, आणि कुणीतरी एक जण हमखास, 'आपल्याकडे असा न्याय कधी होणार?' २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला ते पोर्शे प्रकरण झालं, दोन तरुण इंजिनियर गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हाही हाच फॉरवर्ड फिरत होता. राग येणं साहजिकच होतं, मलाही आला होता.

पण त्या फॉरवर्डमध्ये एक चूक आहे आणि ती बारीकसारीक नाही. कोर्टाने त्या बापाला माफबिफ काही केलेलं नाही. तो पहिल्यापासून सांगत होता की गोळी मी झाडलेली नाही, आणि त्यानेच झाडली हे सरकारी वकिलाला सिद्ध करता आलं नाही म्हणून तो सुटला. म्हणजे आपण ज्या कामाबद्दल त्याला सॅल्यूट ठोकतोय ते काम त्याने केलं असं कुठेच ठरलेलं नाही. शाबास म्हणणारे लोक प्रत्यक्षात त्याला खुनी ठरवतायत, फक्त लाडाने.

ही गल्लत का होते, आणि 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' असं आपण पेपरात रोज वाचतो त्याचा अर्थ नक्की काय, ते जरा बैजवार बघू.

आधी झालं काय होतं

टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या दक्षिणेला आल्विन म्हणून गाव आहे. ७ डिसेंबर २०१२ ची रात्र. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्या बापाचा पिकअप बंद पडलेला, घर शंभर-दीडशे मीटरवर, १२ आणि ११ वर्षांची दोन पोरं मागून गाडी ढकलत होती. आपल्याकडे स्कूटर बंद पडली की पोरं मागून लोटतात तसंच, घर दिसतंय म्हटल्यावर कोण टो करणारा बोलावतो. मागून २० वर्षांच्या एका मुलाची गाडी आली आणि धडकली. एक पोरगा जागीच गेला, दुसरा नंतर. धडक देणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल तिथल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघालं. तिथली मर्यादा ०.०८ टक्के आहे, आपल्याकडे ०.०३, म्हणजे आपल्या हिशेबाने पाचपट धरा.

आणि थोड्या वेळात हा २० वर्षांचा मुलगाही डोक्यात गोळी लागून मेलेला सापडला.

बापावर खुनाचा खटला उभा राहिला. सरकारी वकिलाचं म्हणणं, हा घरी गेला, पिस्तूल घेतलं, परत आला आणि गोळी घातली. बचावाचं म्हणणं, तो पोरांना वाचवायच्या धडपडीत होता, गोळी दुसऱ्या कुणी घातली असू शकते. पोलिसांना पिस्तूल कधीच मिळालं नाही. याला गोळी झाडताना पाहिलं असं ठामपणे सांगणारा साक्षीदार नव्हता. हातावर बारुदाचे कण आहेत का याची चाचणी झाली, ती निगेटिव्ह. घरात काडतुसं आणि पिस्तूल अडकवायचं होल्स्टर सापडलं, आणि गाडीत मिळालेला गोळीचा तुकडा तशाच काडतुसाचा 'असू शकतो' इतपत तज्ज्ञ बोलला. ऑगस्ट २०१४ मध्ये ज्युरीने, म्हणजे तिथे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, काही तासांत निकाल दिला, निर्दोष.

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाला गुगलवर पुन्हा पुन्हा खुनाच्या गोष्टीत कशाला आणायचं.

वाजवी शंका, आणि आजीची पन्नासाची नोट

फौजदारी खटल्यात आरोपीने स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं नसतं. गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षावर. आणि नुसतं 'बहुतेक याचंच काम असेल' इतकं सिद्ध करून भागत नाही, सगळा पुरावा बघितल्यावर शहाण्या माणसाच्या मनात कारण देता येईल अशी एकही शंका उरता कामा नये. उरली तर तीच वाजवी शंका, आणि तिचा फायदा आरोपीला. बस्स, एवढीच व्याख्या, पुढे हा शब्द येईल तेव्हा एवढंच लक्षात ठेवा.

ऐकायला सोपं आहे पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही. मला कळलं ते मी चौथीत असताना. आजीच्या डब्यातली पन्नासाची नोट गायब झाली. त्या दिवशी घरात मी एकटाच, बाकी सगळे शेतावर. दुसऱ्या दिवशी गावची जत्रा, आणि मला पाळण्यात बसायचंय, भोवरा घ्यायचाय हे मी घरभर सांगत फिरत होतो. वर खिशात पाच रुपयांची नाणी सापडली, मामाने दिली होती पण मामा कुठे साक्षीला बसलाय. काकांनी काही विचारलंसुद्धा नाही. हेतू होता, संधी होती, खिशात मुद्देमाल. चुलीपुढच्या चिपाडाने पोटऱ्यांवर असे वळ उठवले की जत्रा मी ओसरीवर बसूनच ऐकली.

श्रावणात आजीने हरिविजयाची पोथी सोडली तर आत नोट. वाचता वाचता खूण म्हणून तिनेच ठेवलेली आणि विसरलेली. माझी माफी कुणी मागितली नाही, त्या काळी पोरांची माफी मागायची पद्धत नव्हती. आजीने फक्त रात्री माझ्या ताटात भातावर तूप नेहमीपेक्षा जास्त वाढलं, आणि काका ते बघून न बघितल्यासारखं करत होते.

आता यात काका काही दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे जेवढं होतं त्यावरून मीच चोर वाटत होतो, आज कुणालाही वाटेल. पण 'नोट चोरीलाच गेलीय' हे तरी कुणी तपासलं होतं का? आणि नाणी कुठून आली हे मामाला विचारायला किती वेळ लागला असता? पटण्यासारखी दुसरी शक्यता होती आणि ती कुणी खोडून काढलेली नव्हती, म्हणून चिपाड उचलायला नको होतं. कोर्टाला हेच म्हणायचं असतं, फक्त त्यांच्याकडे चिपाडाऐवजी जन्मठेप असते.

म्हणजे शंभर टक्के खात्री लागते का?

नाही. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. वकिलाने कसलीही पुडी सोडली की झाली शंका, असं नसतं. 'कुणीतरी आभाळातून आलं आणि गोळी घालून गेलं' ही शंका आहे पण वाजवी नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिवाजी साहेबराव बोबडे खटला म्हणतात त्याला, यावर चांगलंच सुनावलंय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचं म्हणणं थोडक्यात असं की निरपराध माणूस अडकणं हा जसा अन्याय, तसाच दोषी माणूस फुसक्या शंकांवर सुटणं हाही अन्यायच. आणि त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे, आरोपीने 'केलं असेल' आणि त्याने 'केलंच असणार' यांच्यातलं अंतर लांब आहे. दोन्ही बाजू एकाच निकालात, लोक मात्र आपल्याला हवी ती तेवढी फॉरवर्ड करतात.

टेक्सासची केस याच अंतरात अडकली. गोळीचा तुकडा त्या काडतुसाचा असू शकतो. तो घरी जाऊन परत आला असू शकतो. कुणाच्याही बापाचं डोकं फिरलं असतं, त्याचंही फिरलं असू शकतं. 'शकतो' वर 'शकतो' कितीही रचले तरी त्याचं 'असणार' होत नाही.

मग पोलिसांनी त्याला पकडलं ते उगाच का, असं कुणी विचारेल. उगाच नाही. प्रत्येक पायरीला लागणारा पुरावा वेगळा असतो, जिना चढावा तसा. अटकेला सबळ संशय पुरतो. खटला उभा करायला त्याहून थोडं जास्त. पैशाच्या दाव्यात तराजू जिकडे झुकेल तिकडे निकाल, ५१ विरुद्ध ४९ असला तरी चालतं. आणि जन्मठेप द्यायची तर सगळ्यात वरची पायरी. म्हणूनच अमेरिकेतला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये माजी बायको आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या खटल्यात सुटला आणि १९९७ मध्ये त्याच मृत्यूंबद्दल दिवाणी दाव्यात जबाबदार ठरला, कोट्यवधी डॉलर भरायचा हुकूम झाला. लोकांना हे पाहून कोर्टाचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं, पण पायऱ्याच वेगळ्या होत्या.

पाहणारा कुणी नसेल तर

डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही म्हणजे केस खलास, असंही नाही. परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे धागेदोरे जोडून काढलेला निष्कर्ष. सकाळी उठलात, अंगण ओलं दिसलं, पाऊस पडताना तुम्ही बघितलेला नाही, तरी म्हणता रात्री पडून गेला. पण शेजाऱ्याच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी तुमच्या अंगणात येतं हे माहीत असेल तर आधी समोरचा रस्ता बघाल, कौलांवरून थेंब गळतायत का बघाल, मगच बोलाल. रस्ता ओला, कौलं ओली, कुंपणापलीकडचं शेतही ओलं, मग टाकीची शक्यता गेली. ही शक्यता 'गेली' म्हणण्याइतकी जायला हवी.

यासाठी आपल्याकडे जो निकाल प्रत्येक वकील तोंडपाठ म्हणतो तो पुण्याच्या केसमधला आहे, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. विषाने झालेला मृत्यू, खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने दोषी धरलेला नवरा, आणि सुप्रीम कोर्टाने सोडला. त्यात पाच कसोट्या घालून दिल्यात आणि कोर्टाने त्यांना चक्क पंचशील म्हटलंय. पाचही इथे लिहीत बसत नाही, गाभा एवढाच की प्रत्येक धागा आधी स्वतः पक्का सिद्ध व्हायला हवा, सगळे मिळून साखळी पुरी व्हायला हवी, आणि ती साखळी आरोपीच्या दोषाशिवाय दुसऱ्या कुठल्याच शक्यतेकडे जाता कामा नये.

टेक्सासच्या साखळीत हेतूची कडी एकदम जाडजूड होती. खरं तर इतकी जाडजूड की बाकीच्या कड्या नाहीत हे लोकांना दिसतच नाही. पिस्तूल नाही, पाहणारा नाही, हाताला कण नाहीत. आणि हेतूचा एक त्रास असा की तो जितका मोठा तितकं आपलं मन बाकीचा पुरावा मागायचं थांबवतं. माझा जत्रेचा हेतू केवढा, तरी काकांना पुरला.

हाताला बारूद नाही म्हणजे त्याने झाडलीच नाही?

तसंही म्हणता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पिस्तूल झाडलं की काडतुसाच्या बुडातला मसाला पेटतो आणि शिसं, बेरियम, अँटिमनी यांचे अगदी बारीक कण उडून हातावर, बाहीवर बसतात. पण ते हळदीसारखे चिकटून राहत नाहीत, पिठासारखे असतात. हात धुतले, पुसले, कशाला घासले की जातात, आणि काही तासांत तसेही झडतात. त्या रात्री त्या बापाच्या हातांनी काय काय उचललं असेल याचा विचार करा. त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली यावरून तो निर्दोष हे सिद्ध होत नाही.

पण त्याला ते सिद्ध करायचंच नव्हतं. निगेटिव्ह चाचणी म्हणजे सरकारी वकिलाच्या हातातला एक पत्ता कमी. तो कण झडून गेले असतील म्हणू शकतो, पण ते पुन्हा 'असतील'च.

'ज्युरीला दया आली, म्हणून सोडलं'

हा सगळ्यात जोरदार आक्षेप आणि त्यात तथ्य असू शकतं. ज्युरी म्हणजे बारा साधे नागरिक. कायद्याने दोषी आहे हे पटत असूनही ज्युरी कधी कधी मुद्दाम निर्दोष म्हणते, कारण शिक्षा द्यायला मन धजत नाही. याला तिकडे ज्युरी नलिफिकेशन म्हणतात. बारा जणांमध्ये आईबाप असणारच, समोर दोन पोरं गमावलेला माणूस बसलाय.

पण ज्युरी आपल्या निकालाची कारणं लिहून देत नाही. आपल्या जजला पानंच्या पानं लिहावी लागतात, तिथे फक्त एक किंवा दोन शब्द. त्यामुळे 'दयेने सोडला' हे कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. माझं मत विचाराल तर या केसमध्ये दया आणायची गरजच नव्हती. हाच पुरावा एखाद्या उनाड, कुणाला फार न आवडणाऱ्या माणसाविरुद्ध असता तरी तो सुटायला हवा होता. सुटला असता का, ते वेगळं.

दयेने सोडणं कसं दिसतं ते बघायचं तर मुंबईतच उदाहरण आहे. नौदलाचे कमांडर नानावटी, एप्रिल १९५९. बायकोने एका मित्राशी संबंध कबूल केले, यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि त्या मित्राच्या घरी गेले, तिथे तो गोळ्या लागून मेला. गोळ्या त्यांच्याच रिव्हॉल्वरमधून सुटल्या यावर वादच नव्हता, झटापटीत चुकून सुटल्या एवढंच त्यांचं म्हणणं. बाहेर 'ब्लिट्झ' हा साप्ताहिक पेपर त्यांना हिरो करत होता, आणि नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ निर्दोष म्हटलं. जजला ते पटेना, त्याने केस हायकोर्टात पाठवली, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. ही माफी. फॉरवर्डमधला शब्द इथे लागू होतो, टेक्सासला नाही.

(आपल्याकडे फौजदारी खटल्यातली ज्युरी पुढे गेलीच, १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच ठेवली नाही.)

आणि समजा, त्यानेच मारलं असतं तर?

आता दुसरा प्रश्न, आणि तो पूर्ण वेगळा आहे. पहिला प्रश्न 'यानेच केलं का', दुसरा 'केलं असेल तर किती शिक्षा'. फॉरवर्डमध्ये या दोघांची खिचडी झालेली असते.

जर्मनीत ल्यूबेकच्या कोर्टात मार्च १९८१ मध्ये मारियाने बाखमायर या आईने आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या मारेकऱ्याला भर खटल्यात पिस्तुलाने मारलं. अमेरिकेत बॅटन रूज विमानतळावर मार्च १९८४ मध्ये गॅरी प्लॉशे या बापाने आपल्या मुलाला पळवून अत्याचार करणाऱ्याला टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गोळी घातली, आपल्याकडे क्रिकेटचा विकेट दाखवतात तसं ते पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. दोघांच्या बाबतीत 'कोणी केलं' हा प्रश्नच नव्हता. वाजवी शंका तिथे कामाची नाही. तिथे कोर्टाला फक्त वजन करायचं होतं, आणि बाखमायरला सहा वर्षं झाली, प्लॉशेला सात वर्षांची शिक्षा पण स्थगित, म्हणजे तुरुंगात न जाता देखरेख आणि समाजसेवा. लोकांची सहानुभूती दोघांनाही मिळाली, पण दोघांनाही निर्दोष म्हटलेलं नाही.

आपल्या कायद्यात यासाठी एक खिडकी आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, म्हणजे मेलेल्यानेच असं काही केलं की शहाण्यासुरत्या माणसाचाही तोल त्या क्षणी जाईल, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ३०० चा पहिला अपवाद होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १०१ मध्ये तसाच आलाय. शिक्षा बरीच खाली येते. पण 'अचानक' हा शब्द नुसता शोभेचा नाही. नानावटी दीड वाजता घरातून निघाले आणि गोळ्या चालल्या ४ वाजून २० मिनिटांनी, सुप्रीम कोर्ट म्हणालं मधल्या तीन तासांत डोकं शांत व्हायला भरपूर वेळ होता.

टेक्सासच्या बापाला तीन तास नव्हते, सरकारी वकिलाची गोष्ट खरी धरली तरी शंभर-दीडशे मीटर जाऊन यायला मिनिटं लागतात. आपल्याकडे वकिलाने यावर रान उठवलं असतं, आणि मला वाटतं ऐकलंही गेलं असतं. टेक्सासमध्ये तशी सवलत आहे पण ती दोषी ठरल्यानंतर शिक्षा ठरवताना, खुनाची ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप असते ती २ ते २० वर खाली येऊ शकते. आणि अडचण अशी की ती मागायची म्हणजे एका अर्थाने 'केलं, पण भान नव्हतं' म्हणणं. हा माणूस 'केलंच नाही' म्हणत होता. चोरी केलीच नाही म्हणणाऱ्या पोराने 'पण जत्रा होती हो' असं म्हणून कसं चालेल.

'कायदा काही करत नाही, मग लोकांनी करायचं काय?'

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या बायकांनी तो खरोखर विचारलेला आहे. अक्कू यादव म्हणून गुंड, बलात्कार, खंडणी, खुनाचे आरोप, वस्ती वर्षानुवर्षं दहशतीखाली, पोलीस दाद देत नाहीत ही वस्तीची कायमची तक्रार. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला कोर्टात आणलं आणि कोर्टाच्या इमारतीतच जमावाने त्याला ठार केला. बायका म्हणाल्या, अटक करायची तर आम्हा सगळ्यांना करा. आणि २०१४ मध्ये उरलेले आरोपी पुराव्याअभावी सुटले, कारण नेमका वार कुणाचा हे काही सिद्ध झालं नाही.

ही गोष्ट वाचताना माझंही मन त्या बायकांकडेच झुकतं, लपवत नाही. पण एक गंमत बघा, गंमत म्हणजे हसायची नाही. ज्यांनी कोर्टाची वाट बघितली नाही असं आपण म्हणतो, त्या आरोपींना शेवटी वाचवलं ते कोर्टाच्या त्याच किचकट नियमाने, की पुरावा नसेल तर शिक्षा नाही. तोच नियम अक्कूला सोडेल अशी वस्तीला भीती होती.

आणि जमावाचा निवाडा दर वेळी खऱ्या गुंडावरच पडेल याची हमी कोण देणार? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाच जण गेले. मारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण आपल्या लेकरांना वाचवतोय असंच वाटत असणार. एकालाही शंका आली नाही, किंवा आली तरी ती बोलायला तिथे जागा नव्हती. ओळखपत्र बघायचं, गावाला एक फोन लावायचा, मामाला विचारायचं, यातलं काहीच नाही.

हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. नंतर आपल्याच विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने सांगितलं की पोलिसांची चकमकीची कहाणी विश्वास ठेवण्यासारखी नाही, मारण्याच्या हेतूनेच गोळ्या घातल्या. फुलं तोवर वाळली होती.

तपास ढिसाळ, खटले वर्षानुवर्षं, साक्षीदार फितूर, हे सगळं खरंय आणि त्यावर ओरडलंच पाहिजे. पिस्तूल सापडलं नाही तर ते का सापडलं नाही हे तपासणाऱ्याला विचारायचं, शंका ज्युरीने का घेतली हे नाही.

सुटला म्हणजे कायमचाच सुटला का?

इथे दोन्हीकडे मोठा फरक आहे. आपल्याकडे सेशन कोर्टाने निर्दोष सोडलं तरी सरकार हायकोर्टात अपील करू शकतं, पीडिताचं कुटुंबही करू शकतं, नानावटींसारखं उलटूही शकतं. अमेरिकेत ज्युरीने एकदा निर्दोष म्हटलं की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही, नंतर पिस्तूल सापडलं तरी नाही. म्हणून तिकडे सरकारी वकिलाला पहिल्याच डावात सगळं मांडावं लागतं.

त्या बापापुरती ती केस ऑगस्ट २०१४ मध्ये संपली. पण त्या रात्री त्या रस्त्यावर मेलेली मुलं तीन होती, आणि फॉरवर्डमध्ये दोनच असतात. तिसरा दारू पिऊन गाडी चालवत होता, दोन लेकरं त्याने मारली, जिवंत राहिला असता तर बहुधा तुरुंगात गेला असता. तोही २० वर्षांचाच होता. त्याच्या डोक्यात गोळी घालणारा कोण, याचं उत्तर त्याच्या घरच्यांना कुठल्याच कोर्टाने दिलेलं नाही.